‘कैथी’चा ‘भोला’ झाला, तेव्हा गोष्ट कुठे सांडली?

सविस्तर : चकचकीत दिसणारे तमिळ ॲक्शन रिमेक आतून पोकळ का वाटतात? केळीच्या पट्ट्यातल्या प्रेक्षकाच्या नजरेतून दोन चित्रपटांची तुलना

यावल : “साऊथवाला पाह्यलाय ना भो, मग हा कशाला?” तमिळ किंवा तेलुगू चित्रपटाचा हिंदी रिमेक आला की यावल-फैजपूरकडच्या पोरांच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं असतं. त्याकडे नुसती टिंगल म्हणून बघता येणार नाही. मल्टिप्लेक्समध्ये चित्रपट बघायचा म्हणजे इथल्या माणसाला तापीचा पूल ओलांडून आधी भुसावळ, मग जळगाव गाठावं लागतं. गाडीचं पेट्रोल, तिकीट, पोरांचा पॉपकॉर्नचा हट्ट आणि रात्री उशिरा परतीचा रस्ता. एवढं करून जो चित्रपट बघितला, तो घरी येईपर्यंत डोक्यातून निघून गेला तर चिडायचा हक्क त्याला आहे.

असं चिडायला लावणारे रिमेक गेल्या काही वर्षांत ओळीने आले. त्यातला सगळ्यात बोलका नमुना म्हणजे अजय देवगणचा ‘भोला’. 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीला, थ्रीडी आणि आयमॅक्समध्ये तो प्रदर्शित झाला. मूळ चित्रपट लोकेश कनगराज यांचा ‘कैथी’. तो 25 ऑक्टोबर 2019 रोजी, दिवाळीत, विजयच्या ‘बिगिल’सारख्या मोठ्या चित्रपटासमोर आला होता आणि तरी टिकला. कैथी म्हणजे आपला ‘कैदी’च, तमिळ उच्चारातला.

‘भोला’मध्ये पैसा दिसतो, मेहनत दिसते. पट्टीचे कलाकार आहेत. तब्बू आहे, दीपक डोबरियाल आहे, संजय मिश्रा आणि गजराज राव आहेत. ‘केजीएफ’चे संगीतकार रवी बसरूर आहेत. तरीही थिएटरमधून बाहेर पडताना हाती काही लागत नाही. असं का होतं?

(पुढे दोन्ही चित्रपटांच्या कथेतले तपशील आले आहेत. ‘कैथी’ पाहिला नसेल तर आधी तो पाहा, हा लेख कुठे जात नाही.)

एक रात्र, एक लॉरी

दोन्हीकडे सांगाडा एकच आहे. दहा वर्षांनी तुरुंगातून सुटलेला एक माणूस आपल्या मुलीला भेटायला निघालाय. त्याने तिला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. ती अनाथाश्रमात वाढतेय. उद्या तुला भेटायला कुणीतरी येणार आहे, एवढंच तिला सांगितलंय.

त्याच रात्री पोलिसांनी अमली पदार्थांचा मोठा साठा पकडलाय. टोळीचे लोक पोलीस अधिकाऱ्यांच्या पार्टीतल्या दारूत विष मिसळतात आणि एकजात सगळे बेशुद्ध पडतात. औषधं चालू असल्यामुळे न प्यालेला एक जखमी अधिकारी तेवढा शुद्धीवर राहतो. बेशुद्ध साहेबांना लॉरीत घालून दवाखान्यात न्यायचंय, पण त्याच्या हाताला दुखापत, स्टिअरिंग धरवत नाही. लॉरी चालवू शकेल असा एकच माणूस तिथे आहे, तो म्हणजे संशयावरून धरून आणलेला हा कैदी.

दुसरीकडे, जप्त केलेला माल ज्या इमारतीत ठेवलाय तिथे टोळी चाल करून येते. आत नुकताच बदलून आलेला एक वयस्कर कॉन्स्टेबल आणि दारूच्या केसमध्ये पकडून आणलेली कॉलेजची पोरं. बाकीचे पोलीस पळून गेलेत.

बस, एवढंच. ‘कैथी’त नायिका नाही, गाणं नाही. जवळपास सगळा चित्रपट अंधारात, रस्त्यावर आणि त्या बंद इमारतीत घडतो.

ही गोष्ट खान्देशात चटकन कळते, कारण रात्रीचा ट्रक ही इथली रोजची बाब आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा केळीच्या पट्ट्यातूनच जातो. घड कापले, गाडी भरली की माल उत्तरेकडे निघतो, आणि केळी कुणासाठी थांबत नाही. भरलेली गाडी वळणावर कशी वागते, उतारावर ब्रेक मारला की मागचा भार कसा पुढे येतो, हे इथल्या घराघरात कुणाला ना कुणाला माहीत असतं.

‘कैथी’तल्या लॉरीला हे वजन आहे. डिल्लीचं (कार्तीच्या पात्राचं हेच नाव) निम्मं लक्ष हल्लेखोरांकडे आणि निम्मं गाडीकडे असतं. मागे माणसं भरलेली आहेत हे कॅमेरा विसरत नाही, त्यामुळे आपणही विसरत नाही. प्रत्येक अडथळ्याला ‘आता वेळ गेला’ अशी धडधड होते. वेळ गेला की मागचे लोक मरणार, हा हिशेब साधा आहे.

‘भोला’तला ट्रक हवा तेव्हा वळतो, हवा तेव्हा उडवतो. बाइकवाल्यांच्या पाठलागाचा लांबलचक प्रसंग आहे. चित्रीकरण म्हणून तो खरोखर अफाट आहे, स्टंटवाल्यांच्या जिवाची बाजी जाणवते. पण त्या दहा-बारा बाइक कोसळत असताना मागे कुणी मरणाच्या दारात पडलंय हे आठवतसुद्धा नाही. धोका गेला की उरते ती सर्कस.

‘कैथी’ जिथे थांबतो, तिथे ‘भोला’ धावतो

‘कैथी’तला सगळ्यात गाजलेला प्रसंग मारामारीचा नाही. लॉरी चालवता चालवता डिल्ली आपली हकिगत सांगतो. बायको कशी भेटली, काय घडलं, तुरुंगात का गेला, मुलगी असल्याचं कसं कळलं. हे सगळं तो फक्त बोलतो. पडद्यावर फ्लॅशबॅक येत नाही. दिसतो तो कार्तीचा चेहरा आणि ऐकणारी दोन माणसं.

दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलंय. बायकोचा चेहरा आपल्याला दाखवलाच नाही, म्हणून तो आपण मनात तयार करतो. ती प्रत्येकाची वेगळी असते. मुलीने बापाला पाहिलेलं नाही, बापाने मुलीला पाहिलेलं नाही आणि आपण बायकोला पाहिलेलं नाही. या चित्रपटातली सगळी ओढ न पाहिलेल्या माणसांसाठी आहे.

‘भोला’ हे सगळं दाखवतो. अमला पॉल येते, रंग येतात, गाणं येतं. शिवाय राय लक्ष्मीवर चित्रित झालेलं वेगळं नाचगाणंही आहे. आता साधा हिशेब करा. दोन्ही चित्रपट अडीच तासांच्या आत बसतात, लांबीत फारसा फरक नाही. मुळात नसलेली गाणी आणि फ्लॅशबॅक आत घालायचे तर कशाला तरी बाहेर काढावंच लागणार.

बाहेर गेली ती वाट पाहण्याची वेळ. ‘कैथी’तल्या नेपोलियन नावाच्या कॉन्स्टेबलचं (जॉर्ज मरियन) काम आठवा. शरीरयष्टी किरकोळ, हुद्दा सगळ्यात खालचा, आणि दार मात्र त्यालाच लावायचंय. तो आधी घाबरतो, मग विचार करतो, मग पोरांना कामाला लावतो. बाकडी, कपाटं दारांना लावली जातात. ही तयारी चित्रपट सावकाश दाखवतो, म्हणून बाहेरचा पहिला धक्का बसला की आपणही दचकतो. अनेकांच्या मते खरा हिरो तोच आहे. ‘भोला’त ही जागा संजय मिश्रा यांच्याकडे आहे. या कामाला त्यांच्याहून योग्य माणूस हिंदीत शोधून सापडणार नाही. तरी ते लक्षात राहत नाहीत, कारण त्यांना घाबरायलाच वेळ दिलेला नाही.

हिंदीतला एक बदल मात्र मनापासून आवडला. जखमी अधिकारी इथे स्त्री आहे, तब्बू. एक कैदी आणि एक महिला अधिकारी, रात्रभर एका केबिनमध्ये. मूळ चित्रपटात नसलेला ताण इथे तयार होऊ शकला असता. तब्बू आपल्या बाजूने तो आणतेही. पण चित्रपटाला घाई आहे पुढच्या मारामारीची.

हिरो कधी मोठा होतो?

इंजिनीअरिंगच्या वर्कशॉपमध्ये एक गोष्ट लवकर कळते. तयार सुटा भाग समोर ठेवून त्याची मापं घेता येतात, तसाच दुसरा बनवताही येतो. तो कुठला भार उचलायला बनवला होता हे मात्र मापात दिसत नाही. रिमेकमध्ये बरेचदा हेच होतं. प्रसंगांची यादी हक्कांसोबत विकत मिळते, भार मिळत नाही.

‘कैथी’त डिल्ली कोण आहे हे आपल्याला बराच वेळ माहीत नसतं. तो भुकेला आहे, बिर्याणीवर तुटून पडतो. त्याला कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. हाताला बेड्या आहेत. लॉरी चालवायला तो नाइलाजाने तयार होतो. त्याची ताकद हळूहळू कळत जाते आणि प्रत्येक वेळी थोडा धक्का बसतो.

‘कैथी’ काही वास्तववादी चित्रपट नाही, हेही सांगायला हवं. इतके वार झेलून हा माणूस पुन्हा उठतो. शेवटी तर भलीमोठी मशीनगन येते आणि सगळं शक्य-अशक्य गुंडाळून ठेवलं जातं. पण तोपर्यंत चित्रपटाने आपल्याकडे पत कमावलेली असते. दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला उधारी देतो, तशी आपण ती मशीनगन चालवून घेतो.

‘भोला’ पहिल्याच दिवशी उधारी मागतो. भस्म, त्रिशूळ, ढोल, मंत्रासारखा घुमणारा आवाज, मागून येणारा प्रकाश. हा माणूस हरणार नाही हे पहिल्या काही मिनिटांतच पक्कं होतं. कपाळाला राख डिल्लीसुद्धा लावतो, पण ती त्याची सवय वाटते. इथे तो सोहळा होतो. जो हरूच शकत नाही त्याची काळजी कोण करणार?

यात दिग्दर्शकाची अडचणही आहे. ‘भोला’चा दिग्दर्शक स्वतः देवगणच. ‘यू मी और हम’, ‘शिवाय’ आणि ‘रनवे 34’नंतरचा दिग्दर्शक म्हणून हा त्याचा चौथा चित्रपट. आपल्याच स्टार प्रतिमेला ‘थोडं मागे हो’ म्हणून सांगणं कुणालाही अवघड. शिवाय ‘केजीएफ’ आणि ‘पुष्पा’च्या हिंदी यशानंतर मुंबईत एक समजूत पसरली होती की लोकांना हाच धूर, हाच अंधार, हाच दणका हवाय. दणका होता, हे खरं. पण ‘पुष्पा’तला लाल चंदन वाहून नेणारा मजूर आधी मजूर म्हणून पटतो, खांदा वाकडा करून चालतो, मग डॉन होतो. मुंबईने तेवढा खांदा सोडून बाकी सगळं उचललं.

मग ‘सिंघम’ का चालला?

रिमेक म्हणजे वाईटच, असं म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण. सूर्याचा ‘सिंगम’ 2010 चा, दिग्दर्शक हरी. रोहित शेट्टीचा ‘सिंघम’ 22 जुलै 2011 चा. हिरो तोच, देवगण. खलनायक तर दोन्हीकडे एकच माणूस, प्रकाश राज.

पण हिंदीवाल्यांनी तमिळ गाव उचलून तसंच आणलं नाही. महाराष्ट्र-गोवा सीमेवरचं शिवगड उभं केलं, हिरोला बाजीराव नाव दिलं, त्याच्या रागाला मराठी दिली. आजूबाजूला अशोक सराफ, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी अशी माणसं ठेवली. खोट्या आरोपाने खचून आत्महत्या केलेला अधिकारी आणि न्यायासाठी झगडणारी त्याची बायको, हा धागा गोष्टीच्या मुळाशी आहे. गाड्या हवेत उडतात हे मान्य, पण बाजीराव का चिडलाय हे मागच्या रांगेतल्या पोरालाही सांगता येतं. भोला का लढतोय हे आठवायला जरा थांबावं लागतं.

गोष्ट दुसऱ्या मातीत कशी लावायची याचं आणखी एक नाव मराठी वाचकाला जवळचं आहे. दिवंगत निशिकांत कामत. 2005 चा ‘डोंबिवली फास्ट’ त्यांचा. तोच चित्रपट त्यांनी स्वतः 2007 मध्ये माधवनला घेऊन तमिळमध्ये केला, ‘एवनो ओरुवन’ नावाने. रिमेकचा रस्ता सहसा तिकडून इकडे असतो, हा इकडून तिकडे गेला. पुढे ‘काखा काखा’ या 2003 च्या तमिळ चित्रपटावरून त्यांनीच जॉन अब्राहमचा ‘फोर्स’ केला. ‘फोर्स’ देखणा होता, पण त्यात जॉनचं शरीर हाच सगळ्यात मोठा स्पेशल इफेक्ट होता. दिग्दर्शक एकच. एका वेळी त्याच्याकडे सांगायला स्वतःची गोष्ट होती, दुसऱ्या वेळी स्टार होता.

हे दुखणं आपलंही आहे

‘भोला’ पाहून तमिळ प्रेक्षकाला काय वाटलं असेल, याची कल्पना मराठी माणसाला वेगळी द्यायला नको. आपण ‘धडक’ पाहिलाय. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधली (2016) करमाळ्याकडची माती आणि जातीचं वास्तव 2018 च्या हिंदी रिमेकमध्ये उदयपूरच्या देखण्या वाड्यांमध्ये विरघळून गेलं. प्रेमकथा उरली. शेवट तोच ठेवला, पण त्या शेवटाकडे नेणारं कारणच पुसट झालेलं.

ॲक्शनमधलं जवळचं उदाहरण ‘मुळशी पॅटर्न’चं. प्रवीण तरडे यांचा 2018 चा चित्रपट जमीन विकलेल्या शेतकऱ्याच्या पोराचा होता. पैसा आला, संपला, आणि पोरगं गुन्हेगारीत गेलं. त्यावरून 2021 मध्ये ‘अंतिम’ आला. दिग्दर्शक महेश मांजरेकर, म्हणजे मराठी मातीशी ओळख नसलेला माणूस नव्हे. पण पोलिसाच्या भूमिकेत सलमान खान आला आणि चित्रपटाचा तोल पोराकडून पोलिसाकडे सरकला. जमीन कुणाची गेली यापेक्षा शर्ट कुणाचा फाटतो हे महत्त्वाचं झालं.

रिमेक संपणार का?

वाट तशीच दिसतेय. पूर्वी मूळ चित्रपट प्रेक्षकापर्यंत पोहोचत नसे, म्हणून रिमेकला अर्थ होता. आता डब केलेला चित्रपट टीव्हीवर आणि यूट्यूबवर आधीच येऊन बसलेला असतो. निर्मात्यांना याची धास्ती किती, हे ‘अला वैकुंठपुरमुलू’च्या वेळी दिसलं. अल्लू अर्जुनच्या या तेलुगू चित्रपटाचं हिंदी डबिंग 2022 च्या जानेवारीत थिएटरमध्ये येणार होतं. त्याचाच रिमेक ‘शहजादा’ बनत असल्यामुळे ते मागे घेण्यात आलं. पण पुढच्याच महिन्यात ते टीव्हीवर दाखवलं गेलं आणि 2023 च्या फेब्रुवारीत, ‘शहजादा’च्या तोंडावर, यूट्यूबवर आलं. ‘शहजादा’चं पुढे काय झालं ते सांगत बसत नाही.

त्यानंतरचा ‘बेबी जॉन’ही याच वाटेने गेला. विजयच्या ‘थेरी’चा (2016) हा रिमेक 25 डिसेंबर 2024 रोजी आला. ‘थेरी’चे दिग्दर्शक ॲटली यांचं नाव इथे निर्मात्यांत होतं, दिग्दर्शन कालीस यांचं. वरुण धवन, जॅकी श्रॉफ, शेवटी सलमानची हजेरी, स्लो मोशनमधला पाऊस, सगळा थाट. ‘थेरी’त लपून राहणाऱ्या बापाच्या आणि मुलीच्या रोजच्या गमतीजमती मन लावून दाखवल्या होत्या, म्हणून पुढची हिंसा लागत होती. इथे त्या गमतीजमतीही जाहिरातीसारख्या चकाकतात. आणि नशीब असं की शेजारच्याच स्क्रीनवर ‘पुष्पा 2’ तेव्हा हिंदीतच, थेट, गर्दी खेचत होता.

उपलब्धता हे एकच कारण आहे का? निर्माते तसं सांगतात, कारण त्यात त्यांची चूक निघत नाही. पण ज्यांनी ‘कैथी’ कधीच पाहिला नव्हता, त्यांनाही ‘भोला’ थकवणारा वाटलाच.

मालेगावची सायकल

खान्देशच्या वेशीवर, धुळ्याहून मुंबईकडे जाताना लागणाऱ्या मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात रिमेकचा एक वेगळाच कारखाना चालला होता. व्हिडीओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. पैसे नव्हते, घोडे परवडणारे नव्हते, म्हणून दरोडेखोर सायकलवर आले. कलाकार गावातलेच. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनत असताना फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला आणि अलीकडे रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट.

विनोद म्हणून केलेल्या या नकला आहेत, त्यांची ‘भोला’शी तुलना अन्याय्य वाटेल. तरी बघा. सायकलवरचा दरोडेखोर पाहून मालेगावचा माणूस हसला, कारण ती सायकल त्याने ओळखली होती. ‘शोले’ची गोष्ट त्याच्या गल्लीत आली होती. थ्रीडी चष्मा लावून ‘भोला’ पाहताना अंगावर येणारा तो ट्रक कुठल्या रस्त्यावरचा आहे, त्यात काय भरलंय, चालवणाऱ्याने शेवटचं कधी खाल्लंय, हे काहीच कळत नाही.

लोकेश कनगराज यांचा रजनीकांत अभिनीत ‘कुली’ 2025 च्या ऑगस्टमध्ये तमिळसोबत हिंदीतही थेट लागला. ‘कैथी’चा दुसरा भाग आणण्याचं त्यांनी आधीच जाहीर केलंय. तो येईल तेव्हा त्याच्या हिंदी आवृत्तीसाठी चार वर्षं थांबावं लागणार नाही. ‘भोला’च्या शेवटी अभिषेक बच्चनला आणून पुढच्या भागाची सोय करून ठेवली आहे, ती तशीच पडून आहे.